तीन हजारांच्या दंडापायी कळंब्यात तीस दिवस

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचं बोलणं कशाबद्दल आहे हे सगळ्यांना कळेल. तुमचा धाकटा भाऊ शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला, हजेरी ५५० रुपये. गल्लीतल्या मारामारीच्या केसमध्ये तीन वर्षं तारखा झाल्या, तुमच्या मोजणीनं चोवीस. निकाल लागला : ३,००० रुपये दंड, न भरल्यास एक महिना साधी कैद. पैसे जमले नाहीत, म्हणून त्याच दिवशी त्याला कळंबा कारागृहात नेलं. आज सहावा दिवस. केसच्या सुरुवातीला जामीनदार मिळेना म्हणून तो नऊ दिवस आत होता. शेवटी आईनं बोरमाळ गहाण टाकून ५,००० रुपये रोख भरले, तेव्हा सुटला. तुमचे प्रश्न चार : सावकाराकडून तीन हजार उचलू का? आत राहिला तर दंड फिटतो का? ते नऊ दिवस धरत नाहीत का? आणि नवऱ्याच्या रिक्षावर १८,००० रुपयांची चलनं आहेत, त्यासाठी त्यालाही नेतील का?

सावकाराकडे जाऊ नका. तुमचे ५,००० रुपये कोर्टात पडून आहेत.

आईनं भरलेली ती रक्कम म्हणजे रोख जामीन. तो दंड नव्हता, फी नव्हती आणि वकिलांची तर नव्हतीच. आरोपी तारखांना हजर राहील याची हमी म्हणून जातमुचलक्याच्या (आरोपीनं स्वतः लिहून दिलेल्या हमीच्या) आणि जामीनदाराच्या जागी ठेवलेली ती अनामत आहे. केस संपली आणि त्यानं अट मोडली नसेल, तर ती परत मिळते. मधल्या काळात तारीख चुकवून वॉरंट निघालं असेल आणि अनामत जप्त झाली असेल तर गोष्ट वेगळी, पण तुमच्या लिहिण्यात तसं काही दिसत नाही. ज्या कोर्टानं शिक्षा दिली तिथंच एका पानाचा अर्ज द्यायचा : अमुक केसमध्ये अमुक पावतीनं भरलेल्या रोख जामिनातून दंडाची रक्कम वळती करून घ्यावी, उरलेली परत द्यावी आणि आरोपीच्या सुटकेचं पत्र कारागृहाला पाठवावं. पावती आईच्या नावावर असेल तर अर्जावर आईची सही आणि आधारकार्डाची प्रत जोडायची.

सव्वीस वर्षं कोल्हापूरच्या कोर्टांत वकिली करताना मी हे किती वेळा पाहिलं असेल! दंड भरायला माणूस दागिना मोडतो, हातउसने घेतो, आणि त्याची स्वतःची अनामत नाझरच्या, म्हणजे कोर्टातले पैसे सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या, खात्यात वर्षानुवर्षं तशीच असते. एका बाईंनी आठ वर्षांनी सहज विचारलं म्हणून त्यांना सात हजार परत मिळाले. कोणी फसवलं नव्हतं. केस संपल्यावर अर्ज करायचा असतो, एवढंच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आता वळते करायचे किती? पूर्ण ३,००० नाहीत. जुन्या भारतीय दंड संहितेत कलम ६९ होतं, आताच्या भारतीय न्याय संहितेत तेच कलम ८ मध्ये आहे. दंडाऐवजीची कैद भोगत असताना दंडाचा काही भाग भरला आणि उरलेल्या भागाच्या प्रमाणात कैद भोगून झालेली असेल, तर तिथंच सुटका. तुमच्या भावाचा हिशेब सोपा आहे : ३,००० ला साधारण तीस दिवस, म्हणजे दिवसाला १००. सहा दिवस झाले, म्हणजे २,४०० भरले की बाहेर. दहा दिवस झाले असते तर २,००० पुरले असते. हे गणित अर्जात स्पष्ट लिहा. न लिहिल्यास पूर्ण रक्कम वळती होण्याची शक्यता जास्त.

फौंड्रीत त्याच्या दिवसाची किंमत ५५० आणि कैदेत १००. घरात बसून कुणी म्हणत असेल की राहू दे महिनाभर, तीन हजार तरी वाचतील, तर त्यांना हा हिशेब दाखवा. महिन्याच्या सव्वीस हजेऱ्या धरल्या तर १४,३०० रुपयांची मजुरी जाते, आणि परत आल्यावर ठेकेदारानं जागा ठेवली असेल याचा भरवसा नाही. सावकाराचं म्हणाल तर महिना दहा टक्क्यांनी तीन हजारांवर तीनशे रुपये नुसतं व्याज जातं आणि मुद्दल जागचं हलत नाही.

दुसरा प्रश्न, आत राहिल्यानं दंड फिटतो का. कागदावर नाही, व्यवहारात बहुतेक वेळा हो. दंड न भरल्याबद्दलची कैद ही गुन्ह्याची शिक्षा नाही, पैसे न भरल्याचा तो परिणाम आहे. सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्ये शांतीलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात हे नीट उलगडून सांगितलं आहे आणि ही कैद ठरवताना आरोपीची आर्थिक स्थिती बघावी असंही म्हटलं आहे. कैद पूर्ण भोगली तरी दंडाची जबाबदारी तत्त्वतः राहते, वसुलीची मुदत सहा वर्षांची. पण पूर्ण कैद भोगलेल्याविरुद्ध जप्तीचं वॉरंट काढायचं तर कोर्टाला त्याची खास कारणं लेखी द्यावी लागतात, आणि ती क्वचितच दिली जातात. अपवाद भरपाईचा. दंडातून फिर्यादीला नुकसानभरपाई द्या असा आदेश असेल, तर कैदेनंतरही वसुली होऊ शकते. म्हणून निकालाची शेवटची दोन पानं वाचून घ्या.

तिसऱ्या प्रश्नानं मला त्रास दिला, कारण त्याचं खरं उत्तर कडू आहे. ते नऊ दिवस धरले जात नाहीत. कच्च्या कैदेत, म्हणजे निकाल लागण्याआधी, काढलेले दिवस शिक्षेतून वजा करायची तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४२८ मध्ये होती, तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती ४६८ मध्ये आली. पण दंड न भरल्याबद्दलची कैद त्या कलमातूनच वगळलेली आहे. एखाद्याला दोन महिन्यांची साधी कैद झाली असती, तर नऊ दिवस वजा झाले असते. तुमच्या भावाला त्याहून सौम्य शिक्षा झाली, फक्त दंड, म्हणून त्याचे नऊ दिवस कुठंच जमा नाहीत. जामीनदार आणायची ऐपत नव्हती म्हणून आधी नऊ दिवस, दंडाची ऐपत नव्हती म्हणून आता हे सहा. ज्याच्या घरी सातबारा आणि पाच हजार रुपये होते, तो याच गुन्ह्यात एक रात्रही आत राहिला नसता. कायदा कुणाला गरीब म्हणून शिक्षा देत नाही असं आम्ही वकील म्हणतो खरं. तुमच्या घराच्या बाबतीत ते म्हणणं टिकत नाही.

तरीही याच कायद्यात गरिबासाठी ठेवलेल्या वाटा आहेत. अडचण अशी की त्या मागितल्याशिवाय उघडत नाहीत, आणि कोर्टात उभं राहून 'साहेब, पैसे नाहीत' म्हणायला आपल्या माणसाला लाज वाटते. निकालाच्या दिवशी कदाचित हेच झालं असेल.

त्या दिवशी काय मागता आलं असतं? फक्त दंडाची शिक्षा असेल आणि दंड जागेवर भरता येत नसेल, तर कोर्ट तीस दिवसांपर्यंत मुदत देऊ शकतं, किंवा दोन-तीन हप्ते पाडून देऊ शकतं, पहिला हप्ता तीस दिवसांच्या आत आणि पुढचे तीस-तीस दिवसांच्या अंतरानं. तोवर बाँड घेऊन कैद स्थगित ठेवायची. जुन्या प्रक्रिया संहितेत कलम ४२४, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४६४. एक हजाराचे तीन हप्ते तुमच्या घराला जड गेले नसते. अपील करणार असं सांगूनही शिक्षा स्थगित करून घेता येते. हप्त्यांचा अर्ज आजही त्या कोर्टापुढं ठेवता येईल, पण अनामत वळती करून घेणं जास्त सरळ, म्हणून मी ती वाट आधी सांगितली.

त्याहीआधीची वाट म्हणजे प्रोबेशन. १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाखाली पहिल्याच वेळी सापडलेल्या माणसाला, गुन्हा फार गंभीर नसेल तर, दंड किंवा कैद न देता चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडता येतं. त्या कायद्याचं कलम १२ मला फार मोलाचं वाटतं. दोषी ठरल्यामुळं नोकरी-बिकरीला जी अपात्रता येते, ती या कलमामुळं चिकटत नाही. शिक्षेबद्दल काय म्हणणं आहे असं विचारलं जातं त्या क्षणी हे मागायचं असतं. आपल्याकडं त्या क्षणी आरोपी हात जोडून 'चूक झाली, दया करा' म्हणतो. दयेपेक्षा कलमाचं नाव घेतलं तर त्याचा उपयोग होतो.

इथं थोडं थांबून दुसरी गोष्ट सांगतो, कारण तुमच्या भावासारख्या किती तरी जणांना ती लागू आहे. छोट्या केसमध्ये जुगार, दारू पिऊन गोंधळ, किरकोळ झटापट असं काही असतं, आणि 'कबूल करा, पाचशे रुपये भरा आणि मोकळे व्हा' हा सल्ला कोर्टाच्या आवारात फुकट मिळतो. मजुराला तो पटतो, कारण प्रत्येक तारखेला त्याचा खाडा पडतो. चोवीस तारखा गुणिले ५५० म्हणजे १३,२०० रुपये. हा आकडा कुठल्याही निकालपत्रात नसतो, पण घरातून तो गेलेलाच असतो. म्हणून तो कबूल करतो. दोन वर्षांनी गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत सिक्युरिटीची नोकरी मिळते, पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला मागतात, आणि त्या पाचशे रुपयांच्या पावतीमागची शिक्षा तिथं उभी राहते. राधानगरी तालुक्यातल्या एका तरुणाची अशी हातची नोकरी गेलेली मी पाहिली. केस लढली असती तर तो सुटला असता, पुरावा तितका कच्चा होता. तारखांचा खर्च टाळायचा तर गैरहजेरी माफीचा अर्ज करता येतो. नव्या संहितेच्या कलम ३५५ खाली वकिलांनी हजर राहून आरोपीची त्या दिवसाची हजेरी माफ करून घेता येते. प्रत्येक तारखेला नाही, पण निम्म्या तारखा तरी वाचतात.

हजेरीवरून आठवलं. जामिनाच्या आदेशात 'दर सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरी' ही अट सर्रास असते. रोजंदारीच्या माणसाला ही अट म्हणजे दर आठवड्याला अर्ध्या दिवसाचा दंडच. ज्या संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची हजेरीची पद्धत बंद केली, त्याच मातीत आपण वकिली करतो. ती हजेरी जातीवर लादलेली होती आणि ही आरोपावर, हा फरक मला कळतो. पण पोटावर पडणारा घाव फार वेगळा नाही. अशी अट असेल तर रविवारी किंवा कामाच्या वेळेनंतर हजेरी लावू द्यावी असा अर्ज करा. मी केलेले बहुतेक अर्ज मंजूर झाले आहेत.

जामीनदाराचं दुखणं जुनं आहे. १९७८ मध्ये मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात एका गवंड्याला दहा हजारांचा जामीनदार सांगितला गेला, आणि त्याचा भाऊ जामीन राहायला आला तर तो दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तो आदेश मोडून काढला. पंचेचाळीस वर्षांनी, ३१ जानेवारी २०२३ ला, सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की स्थानिक जामीनदाराच्या आग्रहामुळं सुटका रखडते, तेव्हा ती अट घालू नये. जामीन मंजूर होऊन सात दिवसांत माणूस सुटला नाही तर कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, आणि महिनाभरात बाँड भरला गेला नाही तर कोर्टानं स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करायचा, असंही त्या आदेशात आहे. शिवाय कलम जामीनपात्र असेल आणि आठवडाभरात जामीनदार देता आला नाही, तर तो माणूस गरीब आहे असं गृहीत धरून त्याला नुसत्या जातमुचलक्यावर सोडायचं, हे संहितेतच लिहिलेलं आहे. तुमच्या भावाच्या नऊ दिवसांपैकी शेवटचे दोन तरी त्या हिशेबानं वाचायला हवे होते.

बीडहून ऊसतोडीला आलेला मजूर शिरोळ-हातकणंगल्यात एखाद्या भांडणात अडकला की त्याला इथला सातबारा किंवा घरफाळ्याची पावती असलेला माणूस कुठून मिळणार? मग पैसे घेऊन उभे राहणारे जामीनदार येतात. त्यांच्या नादाला लागू नका. एकच कागद चार केसमध्ये दाखवलेला निघाला तर नवी केस उभी राहते, आणि तुमचे पैसे तर गेलेलेच असतात.

सरकारची एक योजना आहे, गरीब कैद्यांना साहाय्याची, २०२३ पासून. मूळ सूचनांप्रमाणं दंडासाठी २५,००० रुपयांपर्यंत आणि कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४०,००० पर्यंत रक्कम जिल्ह्याची समिती मंजूर करते. समितीत जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, कारागृह अधीक्षक आणि विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव असतात. अमली पदार्थ किंवा यूएपीए (बेकायदा कारवायांविरुद्धचा कायदा) यांसारख्या काही कायद्यांतल्या आरोपींना ती नाही. मोठ्या दंडासाठी ही योजना जरूर वापरा. पण तुमच्या भावाची कैदच तीस दिवसांची आहे. अर्ज, चौकशी, बैठक होईतो तो तसाही बाहेर येईल. म्हणून तुमच्यासाठी ती दुसऱ्या नंबरावर.

वकील लागला तर फुकट मिळतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणं कोठडीत असलेल्या माणसाला आणि कुठल्याही स्त्रीला उत्पन्नाची अट नाही. तुम्ही दोघंही त्यात बसता. कसबा बावड्याच्या न्याय संकुलात प्राधिकरणाचं कार्यालय आहे, फोन १५१००. आणखी एक, कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला ५०० रुपयांचा स्टॅम्प पेपर लागतो असं कुणी सांगितलं तर घेऊ नका. कोर्टात आणि सरकारी कार्यालयांत द्यायच्या प्रतिज्ञापत्रांचं मुद्रांक शुल्क महाराष्ट्रात २००४ पासून माफ आहे. साध्या कागदावर चालतं.

आता रिक्षा. चलन थकलं एवढ्यावरून कुणी उचलून नेत नाही. धोका दुसरीकडं आहे. चलन कोर्टात गेलं, समन्स आलं आणि ते तसंच ठेवलं, तर वॉरंट निघू शकतं. त्यामुळं कोर्टाचा कागद आला की त्या तारखेला जायचंच. दुसरा धोका आरटीओचा. थकलेल्या चलनांमुळं तिथली कामं अडतात, पासिंग (गाडीची योग्यता तपासणी) रखडतं, आणि पासिंगशिवाय रिक्षा रस्त्यावर आणली की नवं चलन. पासिंगला उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये जादा आकारायचा नियम आहे. २०२४ मध्ये त्याची वसुली सुरू झाली तेव्हा राज्यभर रिक्षावाले रस्त्यावर उतरले आणि सरकारला ती थांबवावी लागली. म्हणजे दंड भरायला पैसे नाहीत, म्हणून कमवायचं साधन बंद, म्हणून दंड भरायला पैसे आणखी नाहीत. या चक्रात शिरण्याआधी १८,००० चा आकडा फोडा.

प्रत्येक चलन फोटोसकट ऑनलाइन बघा. नंबरप्लेट दुसऱ्याची, जागा कधी न गेलेली, असं निघालं तर तिथंच तक्रार नोंदवा. उरलेल्यांत ज्या गुन्ह्यांना फक्त दंडच आहे आणि ज्यांना सहा महिने उलटूनही कोर्टात दाखल केलेलं नाही, ती वेगळी काढा. फक्त दंडाच्या गुन्ह्याची दखल घ्यायची मुदत सहा महिने आहे. कोर्ट उशीर माफ करू शकतं, पण हा मुद्दा मांडता येतो. विमा नसणं किंवा दारू पिऊन चालवणं यात कैदही आहे, तिथं हा मुद्दा चालत नाही, ती चलनं आधी मिटवा. बाकीची राष्ट्रीय लोकअदालतीत ठेवा, तिथं तडजोडीला वाव असतो. आणि लायसन्स नसलेल्या पुतण्या-भाच्याच्या हातात रिक्षा देऊ नका. चालवणाऱ्याला ५,००० आणि मालकाला वेगळे ५,००० अशी एका फेरीची किंमत आहे.

माझं स्वतःचं मत विचाराल तर दंडाचा आकडा माणसाच्या कमाईवर ठरायला हवा. फिनलंडमध्ये १९२१ पासून असं आहे, तिथं दंड दिवसांत मोजतात आणि दिवसाची किंमत ज्याच्या त्याच्या उत्पन्नावरून ठरते. आपल्याकडं उलट प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची दंडाची मर्यादा नव्या संहितेत १०,००० वरून ५०,००० झाली. दंडाऐवजी समाजसेवा ही शिक्षा नव्या कायद्यात आली, पण मोजक्या गुन्ह्यांना, मारामारी त्यात नाही. निदान दंड सुनावण्यापूर्वी 'रोज किती मिळवतोस?' एवढा एक प्रश्न विचारला जावा असं मला कळकळीनं वाटतं. बदल होतच नाहीत असं नाही. उच्च न्यायालयातल्या जामीन अर्जासाठी पूर्वी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रभर जाऊन मुंबईत राहायचा खर्च करावा लागायचा. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू झालं आणि सहा जिल्ह्यांतल्या गरिबांचा तेवढा खर्च तरी वाचला.

उद्या सकाळी अकराच्या आत आईला घेऊन कोर्टात जा. रोख जामिनाची पावती, आईचं आधारकार्ड, बँक पासबुकाची झेरॉक्स आणि केस नंबर एवढं जवळ ठेवा. पावती हरवली असेल तरी घाबरू नका, केस नंबरवरून नाझरच्या नोंदवहीत रक्कम सापडते. अर्ज पुकाऱ्याआधी बेंच क्लार्ककडं द्या आणि आरोपी आत आहे, आजच ऐकावा, असं तोंडी सांगा. आदेश झाला की सुटकेचं पत्र त्याच दिवशी कळंब्याला पोचतंय ना, याचा पाठपुरावा करा. संध्याकाळची बंदी झाली, म्हणजे कैद्यांना बराकीत कोंडलं, की सुटका दुसऱ्या दिवसावर जाते. उद्या सातवा दिवस, म्हणजे अर्जात २,४०० ऐवजी २,३०० लिहा. उरलेले २,७०० आईच्या नावे मिळतील, त्यातून बोरमाळेचं थकलेलं व्याज तरी निघेल.